पाच हजारांची चादर

काल रात्री फोन ठेवताना तू म्हणालीस, "जाऊ दे ताई, पाच हजारांसाठी कुठे तोंड वाजवत बसू." मागून भाऊजींचा आवाज येत होता, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण ते 'जाऊ दे' काही डोक्यातून जाईना. मुक्ताईनगरच्या बाजारात भाजीवालीकडे पाच रुपये राहिले तर अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी तू, आणि पाच हजारांना जाऊ दे?

मला कळतं गं तुझं. भाजीवाली ओळखीची, हा बंगलेवाला अनोळखी. मराठी गोड बोलणारा, सकाळी सोलकढी पाठवणारा. त्याच्याकडे पैसे मागायचे म्हणजे आपण हलक्या मनाच्या ठरू असं वाटतं. भीड ही भिकेची बहीण असं आई उगाच नाही म्हणायची.

आधी डागाचं बोलू, कारण तिथे तू मनातून खचली आहेस. नणंदेच्या लग्नाची मेंदी हातावर घेऊन तुम्ही कोकणात गेलात आणि बंगल्यातल्या चादरीला डाग लागला, म्हणून त्याने पाच हजारांची अनामत अडवली. डाग आपलाच, ते कबूल करायचं. पण चादर पाच हजारांची नसते. धुलाईचे पैसे दे, डाग निघणारच नसेल तर चादरीचे दे, आणि बिल माग. उरलेले चार-साडेचार हजार कशाचे, हे त्याने सांगायचं.

पैशांचे प्रकार तू एकत्र करतेस, तिथेच सगळा घोळ आहे. बाबांच्या केळीच्या बागेचा सौदा आठव. व्यापारी यायचा, घड बघायचा, हातावर इसार ठेवून जायचा. भाव पडला की पुन्हा फिरकायचा नाही, मग तो इसार बाबांचा. इसार म्हणजे शब्दाची किंमत. आगाऊ भाडं हा भाड्यातलाच वाटा. मुक्काम झाला की तो संपला. अनामत या दोन्हींत बसत नाही. ती तुझीच रक्कम, त्याने फक्त सांभाळायची.

हा शब्दच मूळचा 'अमानत', मराठीत येताना अक्षरांनी जागा बदलल्या एवढंच. आपल्या बुऱ्हाणपुरात 1631च्या जूनमध्ये मुमताज गेली, तेव्हा तिला तापीपलीकडे जैनाबादला आहूखान्यात ठेवलं. पुढे न्यायचं म्हणून तात्पुरतं दफन करतात, त्यालाही उर्दूत अमानतच म्हणतात. त्याच डिसेंबरात शहाजहानने तिला आग्र्याला पाठवलं. तुझ्या बंगलेवाल्याला सहा महिने द्यायची काही गरज नाही, पण त्या रकमेवर नाव कोणाचं हे यातून कळावं.

आता माझी फजिती ऐक. सासूबाईंसमोर अजून कधी विषय काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दहा जण असेच समुद्राकाठी गेलो होतो. अनामत आठ हजार. इच्छापूरला परतायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत, म्हणून पहाटे साडेपाचला निघालो. राखणदार झोपलेला. त्याला कशाला उठवायचं म्हणून किल्ली जास्वंदीच्या कुंडीत ठेवली आणि तसा मेसेज टाकला. केवढा शहाणपणा! चौथ्या दिवशी फोटो आला: टीपॉयच्या काचेला कोपऱ्यापासून मधोमध गेलेली तड. खाली एक ओळ, अनामत मिळणार नाही. मी घरात सगळ्यांना विचारून घेतलं. पोरांना रडवलं. थोरल्याने तर कबूलही केलं की बहुतेक माझ्याच हातून झालं असेल.

मग दोन दिवसांनी पुतणीने सगळ्यांना पाठवलेला फोटो माझ्यासमोर आला. पोहोचल्या पोहोचल्या काढलेला. टीपॉयवर आपल्याकडच्या केळीच्या वेफर्सचा डबा, शेजारी चहाचे कप, आणि डब्याच्या बाजूने निघालेली तीच तड, उन्हात चमकणारी. वर तारीख आणि वेळ, दुपारी 4 वाजून 12 मिनिटं. आम्ही तोवर बॅगाही उघडल्या नव्हत्या. तो फोटो पाठवल्यावर साडेसहा हजार तासाभरात आले. दीड हजार 'सफाईचे' म्हणून कापले होते. सफाईचं बिल मागितलं, तर बिल नव्हतं. मग मी लेखी नोटीस पाठवीन असं कळवलं. तिसऱ्या दिवशी तेही आले, सोबत एक अंगठा. थोरल्याची मात्र मी माफी मागितली.

तेव्हापासून कुठेही गेलो की चप्पल काढायच्या आधी मी मोबाईल घेऊन घरभर फिरते. नळ सोडून बघते, शेगडी पेटवून बघते, गाद्या उलटते, फ्रीज उघडते, आणि तो व्हिडिओ लगेच मालकाला पाठवते. आपल्या मोबाईलमध्ये पडून राहिला तर त्याचा उपयोग अर्धाच. निघताना पुन्हा तसंच, आणि राखणदाराला उठवायचंच. त्याची झोप आठ हजारांची नाही. हे हसतात मला, पंचनामा करते म्हणून. हसू देत.

तू व्हिडिओ केलेला नाहीस, ठीक आहे. मुलांनी पहिल्या दिवशी काढलेले सगळे फोटो शोध. अनामत कोणत्या तारखेला, कुठून, कोणाच्या खात्यात गेली ते काढ. यूपीआयच्या व्यवहाराला क्रमांक असतो, तो लिहून ठेव. बुकिंगच्या वेळचं सगळं बोलणं जपून ठेव. त्याने ते फोनवर केलं असेल, तर आता मेसेजवर आण: "आपलं असं ठरलं होतं, बरोबर ना?" तो 'हो' म्हणाला की काम झालं. तू एअरबीएनबीवरून घेतलं असतंस तर ही मारामारी कमी झाली असती. तिथे मोडतोडीची मागणी यजमानाने पाहुणा गेल्यापासून 14 दिवसांत करावी लागते. पण तुम्ही घेतलंत ओळखीच्या ओळखीने, थेट.

"आमचा नियमच आहे, डाग पडला तर पूर्ण अनामत जप्त," असं तो म्हणेल. म्हणू दे. 1872च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळते. 2015 साली कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. दिल्ली विकास प्राधिकरणाने एका भूखंडाचा सौदा मोडून 78 लाखांचा इसार जप्त केला होता, आणि तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त किमतीला विकला. नुकसानच झालं नाही तर जप्ती कसली, असं म्हणून न्यायालयाने ते पैसे परत करायला लावले. बघ, तिथे तर इसार होता, तुझी तर अनामत आहे. मोठ्या जाऊबाईंनाही हे सांग. त्यांनी मे महिन्याचं बुकिंग रद्द केलं, मालकाने त्याच तारखा दुसऱ्यांना दिल्या आणि यांचे पैसेही ठेवून घेतले. त्याचं नक्की काय बुडालं, हे त्याला विचारता येतं.

तो ऐकतच नसेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे तक्रार नोंदवली की ते समोरच्याकडे पाठपुरावा करतात, निकाल मात्र देत नाहीत. निकाल हवा तर ग्राहक आयोग. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट इथेच आहे: 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बंगला समुद्राकाठी असला तरी तू जळगावला तक्रार करायची आणि त्याने तिकडून यायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृतीवर घरबसल्या अर्ज भरता येतो. मुदत दोन वर्षांची. लगेच लागतो असं नाही हं निकाल, तारखा पडतात. पण बहुतेकांना 'जळगाव' हा शब्द पुरतो.

एका गोष्टीची मात्र मला खरंच भीती वाटते. तू रागाच्या भरात सगळीकडे लिहीत सुटशील, नंबर टाकशील, आणि कोणीतरी गोड आवाजाचा फोन येईल: "मॅडम, तुमचं रिफंड द्यायचंय, हा कोड स्कॅन करा." पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेव. चुकून गेलेच पैसे, तर त्याच मिनिटाला 1930. नवरात्रात देवीच्या डोंगरावर भेटू तेव्हा सांगू म्हणत दिवस काढू नकोस. कळवायला उशीर झाला की पैसा पुढच्या पुढच्या खात्यांत पळतो.

तू रात्री मला दाखवलेला मेसेज मी पाहिला. "सॉरी, तुम्हाला त्रास देतेय" इथून सुरुवात, मग मुलांची परीक्षा, भाऊजींची बदली, आणि पाच हजार कुठेतरी सातव्या ओळीत. तो पुसून टाक. हे पाठव:

"नमस्कार. आम्ही तुमच्या बंगल्यात दोन रात्री राहिलो. अनामत 5,000 रुपये आम्ही भरली, व्यवहार क्रमांक खाली देत आहे. चादरीवरच्या डागाची जबाबदारी आमची आहे. धुलाईचे किंवा चादरीचे बिल पाठवा, तेवढी रक्कम वजा करा आणि बाकीची रक्कम 15 दिवसांत याच खात्यात जमा करा. तसे न झाल्यास मी ग्राहक आयोगात तक्रार करीन."

खाली तुझं पूर्ण नाव लिही. भाऊजींचं नको, पैसे तुझ्या खात्यातून गेलेत. आणि शेवटी ते हात जोडलेलं चित्र टाकू नकोस.