क्रूझचा शेवटचा दिवस आणि लातूरची गाडी

प्रश्न : मुंबई-गोवा क्रूझ संपवून आम्ही मुंबईत सकाळी उतरणार. सोबत सत्तरीची आई आणि दोन मुलं. परतीची लातूर एक्स्प्रेस रात्रीची आहे. शेवटचा दिवस कसा पार पाडावा? (लातूर)

उत्तर : शेवटचा दिवस खरा सुरू होतो आदल्या रात्री. मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून खोलीबाहेर ठेवायला सांगतात. त्या थेट बंदरावर मिळतात. म्हणून आईंची औषधं, सर्वांची ओळखपत्रं, चार्जर आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. जहाजावरचा खर्च कार्डावर चढत जातो. त्याचं बिल रात्रीच तपासा, सकाळी बिलाच्या खिडकीवर रांग असते. खोली न्याहारीच्या वेळेलाच रिकामी करावी लागते. आईंसाठी चाकांची खुर्ची हवी असेल तर आधीच कळवा.

लातूर एक्स्प्रेस आणि नांदेडकडे जाणारी देवगिरी, दोन्ही सीएसएमटीहून रात्री नऊच्या सुमारास सुटतात. तुम्ही उतरता त्या बॅलार्ड पिअरहून स्थानक टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. तिथल्या सामानघरात बॅगा ठेवा; कुलूप आणि तिकीट मात्र लागतंच. मग मुलांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दाखवा. समुद्रापेक्षा तेच त्यांच्या जास्त लक्षात राहील, असं मला मनापासून वाटतं. दुपारी आईंना प्रतीक्षालयात पडू द्या.

जमिनीवर आल्यावरही डोलल्यासारखं वाटतं, ते बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं. आईंचं त्यानंतरही थांबलं नाही, तर लातूरला डॉक्टरांना दाखवा.