सायकल क्लबची रविवारची फेरी

पुण्याहून खडकवासल्याला सायकलने जायचं ठरवणं सोपं आहे. २० जणांना सोबत परत आणणं अवघड. रविवारी धरणावर गर्दी होते, म्हणून पहाटेच निघावं. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला, सर्वांत मागे पंक्चर काढता येणारा. पंप, जादा ट्यूब मागच्याकडेच हवी. (पुढच्याकडे असून काय उपयोग?) वेग मात्र सर्वांत हळू चालवणाऱ्याचा.

पहिल्या फेरीत आम्ही मागे कुणाला ठेवलंच नव्हतं. धरणावर चहा घेताना मोजलं, तर १९ च! नवीन आलेला मुलगा नांदेड फाट्यावर हवा गेलेली सायकल धरून एकटाच उभा होता. आता प्रत्येक थांब्यावर आम्ही डोकी मोजतो. तो मुलगा पुन्हा आला नाही.