सरासरीचा पाऊस

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस मुळशी तालुका पसरलेला आहे. त्याची एक कड ताम्हिणीजवळ सह्याद्रीच्या माथ्याला टेकते, तर दुसरी हिंजवडी-बावधनच्या बाजूने पुणे शहराला भिडते. समुद्रावरून येणारे वारे घाट चढताना थंड होतात व आपला बहुतेक भार माथ्यावरच उतरवतात. पूर्वेकडे उतरेपर्यंत त्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे उरत नाही. 25 जुलै 2024 रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यातील शिवाजीनगरला 114. पुण्याला वर्षभरात जितका पाऊस मिळतो, त्याच्या तीन चतुर्थांश ताम्हिणीने एका दिवसात पाहिला!

मग 'मुळशी तालुक्यात पाऊस किती पडला?' या साध्या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? येथेच संख्याशास्त्राची गरज भासते.

समजा, तालुक्यातील पाच गावी पर्जन्यमापके आहेत आणि एके दिवशी त्यांत 20, 20, 30, 50 व 280 मिलिमीटर पाऊस भरला. या नोंदींची बेरीज 400. तिला पाचाने भागले की 80 येतात. हा झाला मध्य. व्यवहारात यालाच आपण सरासरी म्हणतो. परंतु 80 मिलिमीटर पाऊस पाचांपैकी एकाही गावी पडलेला नाही. चार गावी तो याहून पुष्कळ कमी आहे. घाटमाथ्यावरच्या एकट्या गावाने सर्वांची सरासरी वर ओढली आहे. आता त्याच नोंदी चढत्या क्रमाने मांडून मधली नोंद पाहावी. ती 30. तिला मध्यक म्हणतात. माथ्यावर 280 ऐवजी 500 पडला असता तरी मध्यक तसूभर हलला नसता. जी नोंद सर्वाधिक वेळा येते ती बहुलक, येथे 20. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान नोंदींतील अंतर, म्हणजे 260, हा विस्तार होय. विस्तार एवढा मोठा दिसला की केवळ मध्यावर विसंबू नये, हे जाणत्याला न सांगता कळते.

यावरून मध्य निरुपयोगी ठरतो असे मात्र नव्हे. मुळा नदीवरील मुळशी धरणात किती पाणी येईल हे ज्याला काढावयाचे आहे, त्याला पाणलोटातील पावसाचा मध्यच हवा. कारण मध्याला क्षेत्रफळाने गुणले की एकूण पाणी मिळते. मध्यकाने ते काम होणार नाही. उलट पूर्वेकडील एखाद्या शेतकऱ्याचे भातरोप वाफ्यातच सुकत असता, 'तालुक्यात 80 मिलिमीटर पाऊस झाला, चिंता नसावी' असे कागदावर लिहिले गेले, तर त्याची हानी त्या कागदावर कधीच उमटणार नाही. महाराष्ट्रात 2017 पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली, ती याच अडचणीतून.

तरीही मापक म्हणजे अखेर एक नमुनाच. त्याचे तोंड वीतभरही रुंद नसते आणि त्यावरून कित्येक गावांच्या पावसाचे अनुमान करावयाचे! म्हणून मापक झाडाखाली किंवा भिंतीलगत ठेवीत नाहीत. नमुना सदोष असेल, तर पुढचे सारे गणित अचूक असूनही उत्तर चुकते.

हवामानखात्याच्या बातमीत 'सामान्य पाऊस' असा शब्द येतो. तोही एक मध्यच आहे. मात्र तो अनेक गावांचा नसून अनेक वर्षांचा. हवामानाचे असे मध्य बहुधा तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात, उदाहरणार्थ 1991 ते 2020. आता एखाद्या वर्षी पाऊस या मध्याइतकाच पडला असे धरू. जुलैत लावणीच्या वेळी त्याने बांध फोडले आणि सप्टेंबरात भात पोटरीत असताना पाठ फिरवली, तर वर्षाचा आकडा सामान्यच राहील आणि आंबेमोहोराचा दाणा पोचट निघेल.