गरोदरपणातील वांग आणि तोंडाला लावायची मलमे



पाचवा-सहावा महिना लागला की कित्येकींच्या गालांवर, कपाळावर तपकिरी डाग उमटतात. यालाच आपण वांग म्हणतो. शिवाजी पेठेतल्या घरात तेव्हा डोहाळजेवणाची गडबड असते, फोटो निघायचे असतात. शेजारीण सांगते, "अगं, दुकानातनं ती ट्यूब आण की! आठ दिवसांत तोंड उजळतंय बघ." ती ट्यूब आणण्यापूर्वी एवढे वाचा.

वांग हा रोग नव्हे. गरोदरपणात संप्रेरके वाढतात, त्यामुळे कातडीचा रंग गडद होतो आणि उन्हाने आणखी वाढतो. बाळाला त्याचा काही अपाय नाही. बहुतेकींचे डाग बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिके पडतात. भीती आहे ती डाग घालविण्याच्या औषधाची.

अशा पुष्कळ ट्यूबांत तीन औषधे एकत्र असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादे स्टेरॉइड. हायड्रोक्विनोन कातडीतून बरेचसे रक्तात उतरते. ट्रेटिनॉइन 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचे. गरोदर बाईने ते लावू नये. त्याच जातीची आयसोट्रेटिनॉइन ही मुरमांची गोळी तर बाळाच्या मेंदूत, हृदयात व्यंग आणू शकते. ती चालू असताना तांबी किंवा दुसरे खात्रीचे साधन हवेच, आणि बंद केल्यावरही निदान एक महिना दिवस जाऊ देऊ नका.

नाव-पत्ता नसलेल्या डबीवर 'वनौषधी' लिहिलेले असले तरी भुलू नका. अकोल्यात असेच मलम लावून एका घरातील आई व दोन मुलींची मूत्रपिंडे बिघडली. 2022-23 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याचा उलगडा झाला. मलमात पारा निघाला. पारा वारेतून बाळापर्यंत पोहोचतो.

ट्यूब आधीच लावून झाली असेल तर घाबरू नका. लावणे थांबवा आणि ट्यूब घेऊनच डॉक्टरांना भेटा.

मग लावायचे काय? खोबरेल तेल चालते. डाळीच्या पिठाने तोंड धुवा. वांग जाणार नाही, पण नुकसानही नाही. रंकाळ्यावर फिरायला जायचे तर ऊन चढण्याआधी जा, नाहीतर छत्री घ्या. उन्हाचे मलम हवेच असेल तर झिंक ऑक्साइडचे घ्या.

पोटावरची कातडी ताणून थोडी खाज येतेच. मात्र शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज सुटू लागली, तर तेल चोळत बसू नका. यकृताचे काम बिघडल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात बाळाला धोका असतो. त्याच दिवशी सीपीआरमध्ये जाऊन रक्त तपासून घ्या.