नाकाचा पडदा : ऑपरेशन, धोके आणि काळजी



मागच्या पालकसभेनंतर एका वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, डॉक्टर म्हणतात नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करा. धोका तर नाही ना?" आपल्या नगर जिल्ह्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. श्वसनसंस्थेचा पाठ शिकवताना हेही समजून घेऊया.

पडदा म्हणजे काय?
दोन नाकपुड्यांमधली भिंत म्हणजे पडदा. पुढे कूर्चा (मऊ हाड), मागे हाड आणि दोन्ही बाजूंना पातळ अस्तर. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या अस्तरातून होतं. बहुतेक वेळा हाड 'वाढलेलं' नसतं, पडदा वाकडा असतो. श्वासाला त्रास नसेल तर नुसत्या वाकडेपणासाठी ऑपरेशन लागत नाही.

धोके कसे टाळतात?
१) रक्तस्राव : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बीपी, अ‍ॅलर्जी हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगावं. गोळी मनाने बंद करू नये.
२) पडद्याला भोक : दोन्ही बाजूंचं अस्तर समोरासमोर फाटलं तर भोक पडू शकतं. म्हणून सर्जन कूर्चेला अगदी लागून अस्तर सोडवतात.
३) नाक बसणे : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरीचशी कूर्चा काढून टाकत. आता वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण १ सेंटीमीटर आधार राखून उरलेला भाग सरळ करतात.
४) रक्त साकळणे व चिकटणे : आरपार टाके घालतात किंवा पातळ पट्ट्या बसवतात.
५) मेंदूकडील पातळ हाडाला इजा : वरचं हाड पिळून ओढत नाहीत, नीट कापतात.

घरी आल्यावर
नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवावं. उशी उंच घ्यावी, जड उचलू नये. रक्त थांबत नसेल, ताप आला, दुखणं वाढलं, नजरेत फरक पडला किंवा नाकातून पाण्यासारखं गळू लागलं तर लगेच दवाखाना गाठावा.

पुण्याची आठवण
१७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिकत छापून आली. टिपूच्या सैन्याने त्याचं नाक कापलं होतं. पुण्याकडच्या एका देशी वैद्याने कपाळाच्या कातडीने ते पुन्हा बसवलं. ते ऑपरेशन पडद्याचं नव्हतं. पण श्वासाची वाट बुजू नये म्हणून नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे ठेवायचे, असं त्यात लिहिलंय. म्हणजे नंतरची काळजी तेव्हाही महत्त्वाचीच होती!

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं
मैदानात मुलाच्या नाकावर चेंडू लागला की मीही पूर्वी थंड पट्टी ठेवून त्याला वर्गात बसवायचे. पण अस्तराखाली रक्त साकळलं तर कूर्चेचं पोषण तुटतं, काही दिवसांतच ती विरघळू शकते आणि नाक कायमचं बसतं. मार लागल्यावर नाक आतून बंद वाटलं, आत मऊ सूज दिसली किंवा दुखणं वाढलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय आहे. उद्यावर ढकलू नका.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं, "घाबरू नका, पण प्रश्न विचारायला लाजूही नका." तुम्हीही पुढच्या पालकसभेत हा विषय जरूर घ्या.