स्टिअरिंग कुरकुरतं तेव्हा

जुनी गाडी चालवणाऱ्याला आवाजांची सवय होऊन जाते. दाराची करकर, डॅशबोर्डची खडखड आपण चालवून घेतो. स्टिअरिंगच्या कुरकुरीचं मात्र तसं करू नये, असं मला मनापासून वाटतं. घरची माणसं मागे बसवून आपण ताम्हिणी घाट उतरतो ते स्टिअरिंगच्याच भरवशावर. या कुरकुरीचा माग काढताना जे उमगत गेलं, ते सांगतो.

१. आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो कधी येतो ते पाहावं. इंजिन बंद असताना स्टिअरिंग थोडं हलवलं तरी किरकिर येते का? येत असेल तर बेल्ट आणि पंप संशयातून सुटले. पाहायचे ते कॉलम, सांधे आणि स्प्रिंग. की फक्त फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर येते? सकाळच्या पहिल्या वळणालाच येते? मिस्त्रीला एवढं नीट सांगता आलं तर त्याचं निम्मं काम होतं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गुळगुळीत कोब्यावर कधी कधी नुसते टायरच चिरकतात. खडीवर नेऊन गाडी वळवली की त्याचा उलगडा होतो.

२. आवाज लोखंडातून फिरतो, म्हणून कानाने दाखवलेली जागा हाताने तपासावी. मला याचंच सर्वांत नवल वाटलं. पायाशी येतोय असं वाटणारा आवाज निघतो बॉनेटखाली, शॉकअपच्या डोक्याशी. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता, आणि आजही बहुतेक छोट्या गाड्यांत तोच असतो. त्यात चाक वळलं की शॉकअपसकट स्प्रिंगही वळते, आणि वरच्या माउंटमधलं बेअरिंग तिला वळू देतं. ते जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते. घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगावं आणि स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवावीत. वेटोळ्यांच्या मध्ये अजिबात घालू नयेत. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग संथ फिरते. बिघडलं असेल तर अडते, ताणते आणि बोटांखाली टणकन उडी मारते. ती उडी हाताला एकदा कळली की विसरत नाही.

३. आवाज मोठा म्हणून बिघाड मोठा, असं नसतं. जुन्या बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत पूर्ण वळवताना जोरात कुंईं झालं, तर बहुधा बेल्ट घसरत असतो, कारण फुल लॉकला पंपावर सर्वाधिक ताण येतो. इंजिन चालू ठेवून, हात आणि सैल कपडे दूर ठेवून, बेल्टच्या दातेरी बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज थोडा वेळ थांबून परतला तर पुली तिरकी असण्याचा संभव. लगेच वाढला तर बेल्ट सैल. किंचाळीऐवजी घुमल्यासारखा आवाज असेल तर स्टिअरिंग ऑइलची पातळी पाहावी. त्यात फेस दिसला तर हवा शिरली आहे. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला जोर देण्याचं काम विजेची मोटर करते, तिथे ना हे ऑइल, ना पंपाचा बेल्ट.

४. पाऊस दोष झाकून ठेवतो. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडचं रबरी बूट फाटलं की चिखलपाणी आत जातं आणि ग्रीस धुऊन निघतं. ओल असेतोवर सांधा गप्प राहतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो सुकतो, आतला गंज घासू लागतो, आणि दिवाळीला गावी निघताना कुरकुर ऐकू येते. म्हणून पावसाळा सरताच बुटं बघून घ्यावीत. चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, डावी-उजवी बाजू धरून हलवावं. हाताला खेळ लागला तर टाय रॉड किंवा रॅककडे बघावं. वर-खाली धरून खेळ लागला तर बॉल जॉइंट नाहीतर चाकाचं बेअरिंग. बॉल जॉइंट निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. या एका खर्चात चालढकल नको.

५. काही वेळा सगळा त्रास एका रबराचा असतो. स्टिअरिंगचा दांडा केबिनमधून इंजिनाकडे जातो तिथलं रबरी आवरण कोरडं पडलं की प्रत्येक वळणाला चिरचिरतं. त्याला सिलिकॉन ग्रीस पुरतं. इंजिन ऑइलने असली रबरं फुगतात. आवाज स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नखाली असेल तर मात्र पाना ठेवून द्यावा. तिथे एअरबॅग असते, ते काम वर्कशॉपचंच.

६. आवाज थांबणं आणि दोष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बूट फाटलेल्या सांध्यावर स्प्रे मारला की तो चार दिवस गप्प बसतो, झीज मात्र चालूच राहते आणि आपण सावध होण्याची संधी गमावतो. पार्ट बदलायचा ठरला तर बदलून घ्यावा, टाय रॉड किंवा स्ट्रटचं काम झालं की अलाइनमेंटही करून घ्यावं. आणि मिस्त्रीकडून जुना पार्ट मागून घेऊन हातात फिरवून पाहावा. तो नेमका कुठे अडतो ते बोटांना कळतं, आणि पुढच्या खेपेला काय ऐकायचं तेही.