कर घेतला म्हणजे हमी दिली का?

शेजारच्या आबांनी बैल विकला. पुतण्या म्हणाला, "पैसे बिटकॉइनात घाला. सरकार त्यावर कर घेतं, म्हणजे ते पक्कं!"

आबा मला विचारायला आले.

मी म्हटले, "आबा, कर तर दारूवरही आहे!"

नोट रिझर्व्ह बँक काढते. बिटकॉइन ही संगणकावरची नोंद. आपल्या सरकारने ते चलन मानलेले नाही. 2022 पासून त्याच्या नफ्यावर शेकडा 30 कर आहे. एका नाण्यात शंभर मिळाले, दुसऱ्यात शंभर बुडाले, तरी मिळालेल्या शंभरावर कर भरायचाच.

2023 पासून हा व्यापार चालवणाऱ्यांना गिऱ्हाइकाची ओळख तपासावी लागते. ते काळा पैसा पकडण्यासाठी. बँक बुडाली तर ठेवीचे 5 लाखांपर्यंत विम्यातून मिळतात. इथे तसा विमा नाही.

'गेनबिटकॉइन' योजनेत महिना शेकडा 10 देऊ, असे 18 महिन्यांचे वचन होते. लोकांचे पैसे अडकले. 2018 साली पुणे पोलिसांनी योजनेच्या प्रमुखाला पकडले.

कोणी फसलेच, तर त्याच दिवशी 1930 या नंबरावर फोन करावा.

"मग पोराला काय सांगू?" आबा म्हणाले.

"संध्याकाळी त्याला माझ्याकडे धाडा."